सेफ्टी फ्लॅग किती लांब हवा? नागपुरातल्या खासगी शूटिंग क्लबचा नऊ महिन्यांचा अनुभव

सभासदत्व नूतनीकरणाच्या नोटिशीबरोबर क्लबने या वेळी एक नवा नियम जोडला आहे: सेफ्टी फ्लॅग, म्हणजे बंदूक रिकामी आहे हे दाखवायला नळीत घालायची रंगीत खूण, क्लबच्या काउंटरवरूनच घ्यायचा, घरून आणलेला चालणार नाही. काउंटरवर मिळतो तो बोटभर लांबीचा नारिंगी प्लॅस्टिकचा तुकडा, वर क्लबचं नाव. या तुकड्यावरून तीन आठवडे सभासदांत वाद चालू आहे, म्हणून अनुभव आत्ताच लिहितोय. क्लब पश्चिम नागपुरातला. फक्त १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल, एकूण १० लेन. चार इलेक्ट्रॉनिक, सहा कागदी टार्गेटच्या, मोटरवर पुढे-मागे जाणाऱ्या.

आधी फ्लॅग. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात एअर गनसाठी स्पष्ट लिहिलंय की फ्लॅग नळीच्या पूर्ण लांबीतून जाईल इतका लांब हवा. फायर आर्मला, म्हणजे काडतुसाच्या बंदुकीला, चेंबरमध्ये खुपसलेला छोटा फ्लॅग पुरतो, एअर गनला पुरत नाही. कारण यंत्रणेतच आहे. .२२ बोअरच्या काडतुसाच्या रायफलमध्ये बोल्ट ओढला की एक्स्ट्रॅक्टर काडतूस बाहेर काढतो. एअर रायफलला एक्स्ट्रॅक्टर नसतो. छर्रा ठेवून लिव्हर बंद केली की तो ढकलला जाऊन नळीच्या आतल्या खाचांत (रायफलिंगमध्ये) घट्ट बसतो. पुन्हा लिव्हर उघडली तर ब्रीच, म्हणजे नळीचं छर्रा भरायचं मागचं तोंड, रिकामी दिसते आणि छर्रा मात्र आत पुढे बसलेला असतो. ‘अरे भाऊ, खाली आहे ना ते!’ असं रेंजवर जेवढ्या वेळा ऐकू येतं, त्यातल्या बहुतेक वेळा बोलणाऱ्याने फक्त ब्रीचकडे पाहिलेलं असतं.

नळीत छर्रा राहण्याची आणखी दोन कारणं. बंदुकीतल्या हवेच्या सिलिंडरचा दाब पार उतरलेला असताना झाडलेला छर्रा मधेच अडकतो. दुसरं, बोलण्याच्या नादात एकावर एक दोन छर्रे भरले जातात. या तिन्ही वेळी बोटभर तुकडा ब्रीचमध्ये छान बसतो, लांबून नारिंगी दिसतो, आणि बंदूक भरलेलीच असते. पूर्ण लांबीचा धागा असेल तर तो अडतो. टोक नळीच्या तोंडातून बाहेर दिसत नाही, तेवढ्यावरून शेजारच्यालाही कळतं. म्हणजे छोटा फ्लॅग नुसता कमी उपयोगाचा नाही, तो चुकीची खात्री देतो. माझी मुख्य तक्रार हीच, आणि बाकी सगळं बरं असूनही मी या क्लबला पूर्ण गुण देणार नाही ते यामुळेच.

घरचा फ्लॅग असा करायचा. गवत कापायच्या मशीनला लागतो तो नायलॉनचा धागा, नारिंगी, २ किंवा २.४ मिलिमीटर जाडीचा, गोल काटछेदाचा. चौकोनी किंवा चांदणीच्या आकाराचा घेऊ नका, तो कडांना घासतो. शेती अवजारांच्या दुकानात रीळ मिळतं. रायफलसाठी साधारण १ मीटर कापा, कारण नळीच्या पुढे जी पोकळ ट्यूब असते तिच्यातूनही टोक बाहेर यायला हवं. पिस्तुलाला ४० सेंटिमीटर पुरतो. म्हणजे १० मीटरच्या रिळात आठ रायफली आणि पाच पिस्तुलं होतात, आणि रीळ विभागून घेतलं तर प्रत्येकाच्या वाट्याला काउंटरवरच्या फ्लॅगपेक्षा बराच कमी खर्च येतो. धागा रिळावर वळलेला असतो; गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवून ताणून थंड होऊ द्या, सरळ होतो. टोक लायटरने बोथट करा, पण वितळून गोळा झाला तर तो ४.५ मिलिमीटरच्या नळीत अडकतो, म्हणून नंतर पॉलिश पेपर मारा. मागच्या टोकाला मोठी गाठ किंवा फास ठेवा.

घालताना नेहमी ब्रीचकडून. तोंडाकडून घालायचं तर हात नळीसमोर येतो. घालण्याआधी कापडाने पुसा. नायलॉन पोलादाला ओरखडत नाही, त्याला चिकटलेली धूळ ओरखडते. आणि धागा आत असताना लिव्हर जोराने दाबून बंद करू नका. ब्रीचची सील रिंग कापली जाते, हवा गळते, वेग शॉटगणिक बदलतो, आणि मग कोचसर श्वासाला दोष देत बसतात.

क्लबची बाजूही सांगतो. त्यांचं म्हणणं, सगळ्यांचे फ्लॅग एकसारखे असले की ड्यूटीवरच्या माणसाला दुरून तपासता येतं. हेतू योग्य आहे, पण त्यासाठी एकसारखं असायला हवं ते रंग आणि लांबी. फास मागे दिसतो, टोक पुढे पाच सेंटिमीटर बाहेर दिसतं, तपासणी झाली. स्पर्धेत फ्लॅग नसेल तर आधी ताकीद मिळते, ताकीद देऊनही नकार दिला तर बाद करतात. इथल्या मुलांना पूर्ण लांबीची सवयच नसेल तर ती राज्य स्पर्धेत जाऊन पहिल्यांदा शिकायची का?

‘परवाना लागत नाही, हवेचीच तर आहे’ हा युक्तिवादही सभासदांच्या ग्रुपवर झाला. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर गनला परवान्यातून सूट आहे, खरं आहे. मॅच रायफलची ऊर्जा सात-आठ ज्यूलच असते. पण डोळा कायमचा जायला तेवढी पुरून उरते. सूट परवान्यापुरती आहे, सावधगिरीपुरती नाही.

इथे मत बदललेली एक गोष्ट. चौथ्या महिन्यात मी ग्रुपवर लिहिलं होतं की पाणी प्यायला दोन मिनिटं मागे येतानाही फ्लॅग घालायला लावणं अती आहे. ते मत मागे घेतो. कागदी लेनवर टार्गेट धरणारी पत्र्याची क्लिप अडकली की कुणीतरी पुढे जातंच, आणि ते नेमकं तुम्ही मागे उभे असतानाच होतं. तेव्हा टेबलावरच्या १० बंदुकांपैकी कोणती कुठल्या अवस्थेत आहे हे विचारत बसायला वेळ नसतो.

पुढे जाण्यावरूनच दुसरा मोठा वाद होतो. क्लिप अडकली की अडकलेल्याला घाई, आणि शेजारी ४० व्या शॉटवर असलेल्याला थांबणं नको. पद्धत एकच असू शकते: ‘स्टॉप’ एका माणसाने म्हणायचं, सगळ्यांनी ‘अनलोड’ करायचं, फ्लॅग, एक पाऊल मागे, आणि पुढे गेलेला परत येईपर्यंत बंदुकीला हात नाही, नेमाच्या साइटचा क्लिक फिरवायलाही नाही. ज्याची भरलेली आहे त्याने तसं सांगायचं आणि परवानगी घेऊन, कुणी पुढे जाण्याआधीच, टार्गेटवर झाडून रिकामी करायची. सकाळच्या डिटेलला (नेमबाजांच्या फेरीला) हे नीट होतं कारण ड्यूटीवरचे काका खुर्चीतून उठून मोठ्याने सांगतात. संध्याकाळी ज्युनियर मुलगा ड्यूटीवर असतो, ज्येष्ठ सभासद त्याचं ऐकत नाहीत, आणि तीन जण एकाच वेळी ‘क्लिअर, क्लिअर’ ओरडतात. वयाचा मान रेंजच्या बाहेर ठेवावा. फायरिंग लाइनवर ड्यूटीवरचा सोळा वर्षांचा असला तरी शब्द त्याचाच.

आता कूलर, कारण नागपुरात याशिवाय मे महिना निघत नाही. रायफलवाले जाड कॅनव्हासच्या जॅकेट-ट्राउझरमध्ये उभे, त्यांना कूलर हवाच. पिस्तूलवाले टी-शर्टमध्ये हात लांब करून उभे, त्यांच्या मनगटावर वारा बसला की साइट हलते. दोन्ही बाजू बरोबर आहेत, म्हणूनच भांडण मिटत नव्हतं. पण खरा बिघाड वेगळाच होता. कूलरची दमट हवा बंद हॉलमध्ये कोंडते, कागदी टार्गेट मऊ पडतं, आणि सपाट तोंडाचा वॉडकटर छर्रा स्वच्छ गोल भोक पाडण्याऐवजी कागद फाडतो. मग ९ की १० यावर वाद. गेज (भोकात घालून गुण ठरवायचं साधन) लावायचं तर एकदाच लावायचं, दुसऱ्यांदा घातलं की भोक मोठं होतं, आणि फाटलेल्या काठावर गेजही उपयोगी पडत नाही. जूनमध्ये क्लबने कूलर मागच्या बाकांकडे वळवला, समोरची वरची खिडकी उघडी ठेवायला सुरुवात केली, तयारी आणि साइटिंगच्या (मॅचआधीच्या सरावाच्या शॉटच्या) १५ मिनिटांत कूलरचा पाण्याचा पंप चालू आणि मॅच सुरू झाली की पंप बंद, नुसता पंखा हळू. टार्गेटचे गठ्ठे आता बंद डब्यात असतात. इतका साधा उपाय आणि इतका चांगला परिणाम. याचं श्रेय व्यवस्थापनाला मनापासून देतो.

सिलिंडर भरण्याच्या रांगेचं भांडण मात्र अजून चालू आहे, आणि ते बरंचसं गैरसमजावर उभं आहे. क्लबची मोठी टाकी एक. ती १६० बारवर (बार म्हणजे दाबाचं एकक) आली की तुमचा सिलिंडर १६० च्या वर भरणार नाही. त्यामुळे टाकी नवी आली की सगळे धावतात. पण मॅच गनमध्ये रेग्युलेटर, म्हणजे दाब एकसारखा ठेवणारा भाग, असतो. आत २०० बार असो की १२०, मागे येणारा दाब तोच, शॉट तोच. फक्त एकूण शॉट कमी मिळतात. सरावाला १४० बार भरलं तरी दिवस निघतो. पहिला मान स्पर्धेला निघालेल्याला द्या, बाकीच्यांनी थांबायला हरकत नाही.

भरताना व्हॉल्व्ह हळू उघडा. झटकन भरला की सिलिंडर तापतो, काटा २०० दाखवतो आणि घरी पोचेपर्यंत १८० वर येतो, मग ‘क्लबने कमी भरलं’ ही तक्रार. सोडवण्याआधी होजमधली (भरायच्या नळीतली) हवा काढा, नाहीतर ओ-रिंग (रबराचं सील) उडते. पेट्रोलियम ग्रीस अजिबात नको, सिलिकॉनचंच. भरलेला सिलिंडर उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नका: २५ अंशाला २०० बार असलेला ६५ अंशाला साधारण २२७ बार होतो. आणि सिलिंडरवरची तारीख बघा. निर्मितीपासून १० वर्षं झालेला सिलिंडर क्लब भरत नाही. जुनी परदेशी रायफल विकत घेतलेल्या दोन-तीन सभासदांना हा अन्याय वाटतो, कारण नवा सिलिंडर महाग पडतो. वाटला तरी नियम बरोबर आहे. वापरलेली बंदूक घेताना आधी सिलिंडरची तारीख वाचा, मग किंमत बोला.

डावखुऱ्यांचा प्रश्न कुणी विचारातच घेत नाही. उजव्या हाताचा रायफलवाला उजवीकडे तोंड करून उभा राहतो, डावखुरा डावीकडे. डावखुरा उजवीकडच्या लेनवर आला की दोघं समोरासमोर, आणि पूर्ण सव्वा तास एकमेकांचे चेहरे. त्याला सगळ्यात डावी लेन द्या, प्रश्न संपतो. इथे ती लेन इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून सगळ्यांना हवी असते, आणि काही जण एसटीत रुमाल टाकावा तसं त्यावर ब्लाइंडर (डोळ्यावरची झापड) ठेवून चहाला जातात. वेळ सुरू झाल्यावर १० मिनिटांत माणूस आला नाही तर लेन मोकळी, असा लेखी नियम हवा.

क्रॉसफायरवर एकदाच स्पष्ट लिहून भिंतीवर लावलं पाहिजे. मॅचमध्ये दुसऱ्याच्या टार्गेटवर मारलेला शॉट मारणाऱ्याला शून्य. ज्याच्या कागदावर एक भोक जास्त आलं आणि त्यातलं त्याचं कोणतं हे ठरत नाही, त्याला वादातल्या भोकांपैकी जास्त गुणांचं मिळतं. मैत्रीपूर्ण सामन्यात ‘जाऊ द्या’ म्हणून दोघांना वाटून देण्याची इथली प्रथा वाईट आहे.

खाणं. तर्री पोहे रेंजच्या आत आणू नका, बाहेरच्या कट्ट्यावर खा. बोटांवर शिसं असतं, पोह्यांबरोबर ते पोटात जातं. आधी गार पाणी आणि साबणाने हात धुवा. झाडूवाल्या मावशींना कोरडा झाडू मारू देऊ नका. शिशाची धूळ उडते आणि ती सगळ्यात जास्त त्यांच्याच छातीत जाते. ओला पोछा आणि मास्क ही जबाबदारी क्लबची आहे. नऊ महिन्यांत यावर ग्रुपवर एकही मेसेज आला नाही, याचं वाईट वाटतं.

पालकांची बाकं मागे सरकवली ते उत्तम झालं. शॉटगणिक गुण पुटपुटणं थांबलं.

नूतनीकरण करतोय, पण वर्षाऐवजी सहा महिन्यांचं. नव्याने येणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी संध्याकाळच्या डिटेलला एकदा मागे बसून बघा: ‘स्टॉप’ कोण म्हणतं, आणि पुढे माणूस असताना किती हात बंदुकीवर असतात. फ्लॅगबद्दलचा अर्ज समितीकडे दिला आहे, नियमातलं वाक्य आणि छर्रा अडकलेल्या नळीत दोन्ही फ्लॅग घालून काढलेले फोटो जोडून. उत्तर येईपर्यंत काउंटरचा तुकडा विकत घेतलाय, त्याला भोक पाडून तो एक मीटरच्या धाग्याच्या फासाला बांधलाय. क्लबचं नाव मागे लटकतं आणि टोक पुढून बाहेर दिसतं. ड्यूटीवरच्या काकांनी अजून हरकत घेतलेली नाही.