‘फीडिंग कॅरियर’च्या नावाखाली गळ्यात मारली जाणारी पिशवी

इन्स्टाग्रामवर रिंग स्लिंगचा (बाळाला अंगाशी बांधायचं, खांद्याजवळ दोन कड्यांतून ओवलेलं कापड) सुरेख फोटो, जाड विणीचं सुती कापड. खाली ‘चालता चालता अंगावर पाजा, जन्मापासून तीन वर्षांपर्यंत’ आणि किंमत बाजारभावाच्या निम्मी. पैसे आधी, यूपीआयनं. घरी येते ती पातळ पॉलिस्टरची, आत स्पंज भरलेली, कडेला इलॅस्टिक ओवलेली पिशवी. फोटो दुसऱ्याच कुणाचा उचललेला. विचारलं तर ‘मॅम, सेमच आहे, लॉट वेगळा’, आणि मग ब्लॉक.

पैशांचं एकवेळ सोडा, पण ती पिशवी वापरली तर घात होऊ शकतो. आडवं ठेवलेलं बाळ त्यात मुडपतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट बंद होते. बाळ रडत नाही, धडपडत नाही. आईला वाटतं, पिऊन झोपलं. अमेरिकेत मार्च २०१० मध्ये इन्फँटिनो कंपनीच्या अशाच घाटाच्या सुमारे दहा लाख स्लिंग परत मागवाव्या लागल्या, तेही तीन बाळं दगावल्यावर. चार महिन्यांखालची, अपुऱ्या दिवसांची, सर्दीनं नाक चोंदलेली बाळं यात जास्त धोक्यात.

मुळात पाजायला वेगळं कॅरियर लागतच नाही. बाळ अंगावर असताना पट्टा एका हातानं सैल आणि पुन्हा घट्ट करता आला की झालं. बाळ उभंच ठेवायचं. पट्टा हळूहळू सैल करून तोंड स्तनाग्राच्या पातळीला येईल इतकंच खाली घ्यायचं, दुसरा हात मानेखाली, नाक सतत दिसलं पाहिजे. पाजून झालं की लगेच वर घेऊन पट्टा आवळायचा; मान वाकवून टाळूचा मुका घेता आला पाहिजे. ही शेवटची पायरी जाहिरातीत सहसा नसतेच. उलट तोंडावर ओढायचा शिवलेला पडदा ‘खास सोय’ म्हणून विकतात, म्हणजे जे दिसायला हवं तेच झाकायचं!

रिंग स्लिंग असली की नकली, ते कड्या सांगतात. कडीवरून नख गोल फिरवा. कुठे जोड लागला तर ती पर्सच्या किंवा पडद्याच्या कामाची कडी. भार आला की जोड उघडतो. स्लिंगची कडी अखंड हवी. मग स्लिंगमध्ये पाच किलो तांदळाची पिशवी ठेवून घरात फिरा, वाका, बसा. कापड कड्यांतून सरकत राहिलं तर बाळही सरकणार. गुळगुळीत सॅटिन इथेच नापास होतं. बकलच्या कॅरियरमध्ये पट्टा जिथे शिवलाय तिथे चौकोन आणि आत फुली अशी टीप पाहा. एकेरी टीप उसवते. बैठक एका गुडघ्यापासून दुसऱ्यापर्यंत रुंद हवी, नुसती जांघेत अडकणारी पट्टी नको.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. पाकिटावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनलं ते आणि एमआरपी नसेल तर तेवढ्यावरही तक्रार होते: ग्राहक हेल्पलाइन १९१५. विक्रेता पैसे घेऊन गायबच झाला असेल तर आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, तेही त्याच दिवशी, कारण रक्कम पुढच्या खात्यात वळायला वेळ लागत नाही. परतावा मिळाला आणि वस्तू परत मागितली नाही, तर ती कुणाला ‘निदान वापरा तरी’ म्हणून देऊ नका. पट्टे कापूनच कचऱ्यात टाका.