एलटीस्पाइस: पॉवर सप्लायच्या करंट लिमिटची आगाऊ परीक्षा

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी जळालेला ट्रान्झिस्टर बदलायचा म्हणजे तालुक्याची एसटी धरावी लागते. म्हणूनच सोल्डरिंग करण्याआधी संगणकावरच सर्किट तपासून देणारे, अ‍ॅनालॉग डिव्हायसेस कंपनीचे एलटीस्पाइस हे मोफत सॉफ्टवेअर मला फार मोलाचे वाटते. एकदा उतरवून घेतले की ते इंटरनेटशिवाय चालते.

मी त्यात पॉवर सप्लायचा करंट ठरावीक मर्यादेत रोखणारी नेहमीचीच रचना मांडली: आउटपुटच्या वाटेत ०.६ ओहमचा रेझिस्टर, आणि त्यावर सुमारे ०.६ व्होल्ट आले की मुख्य ट्रान्झिस्टरचा बेस करंट (त्याला चालू ठेवणारा छोटा प्रवाह) वळवून घेणारा दुसरा छोटा ट्रान्झिस्टर. आउटपुट शॉर्ट केल्यावर आलेखात करंट १ अँपिअरच्या आसपास रोखलेला दिसतो, परंतु इनपुट ३० व्होल्ट असेल तर जवळपास ३० वॅट उष्णता मुख्य ट्रान्झिस्टरलाच सोसावी लागते, हेही त्याच पडद्यावर कळते.

तापमान बदलून पाहण्याची सोय मला सर्वाधिक आवडली. छोट्या ट्रान्झिस्टरचे बेस-एमिटर व्होल्टेज, म्हणजे तो ज्यावर चालू होतो ते वरचे ०.६ व्होल्ट, दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटते, त्यामुळे २५ अंशांवर १ अँपिअर असलेली मर्यादा ६५ अंशांवर ०.८७ अँपिअरपर्यंत उतरते. आमच्याकडच्या मे महिन्यात बंद डब्यात इतकी गरमी सहज होते.

एक उणीव मात्र ध्यानात ठेवावी. साध्या मॉडेलमधील ट्रान्झिस्टर स्वतःच्या उष्णतेने तापत नाही, म्हणून हीटसिंकचा (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याचा) हिशेब वेगळा मांडावाच लागतो. आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांनी हे अवश्य वापरावे.