सही करायला आता बोट लागतं: वर्षभर वापरलेली यूबिकी ५

आमचं चार जणांचं ऑफिस. ग्रंथालयांसाठी केलेलं सॉफ्टवेअर आम्ही डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) पॅकेजच्या रूपात स्वतःच्या रिपॉझिटरीतून, म्हणजे पॅकेजच्या ऑनलाइन साठ्यातून, देतो. गेल्या वर्षीपर्यंत साइनिंग की (पॅकेज आमचंच आहे अशी डिजिटल सही करणारी गुप्त की) पॅकेज तयार करणाऱ्या बिल्ड सर्व्हरवरच होती आणि तिचा पासफ्रेज शेजारच्या स्क्रिप्टमध्ये. सर्व्हरमध्ये जो कुणी शिरला असता, त्याला आमच्या नावाने सही करून काहीही सगळ्या ग्रंथालयांच्या मशीनवर बसवता आलं असतं. हे लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याच आठवड्यात दोन यूबिकी मागवल्या, म्हणजे गुप्त की आत साठवणारी, यूएसबीला लावायची छोटी उपकरणं.

दोन अशासाठी, की आत गेलेली प्रायव्हेट की पुन्हा बाहेर काढता येत नाही. जीपीजी या सही करणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘कीटूकार्ड’ कमांडने की यूबिकीत हलवून सेव्ह केलं की डिस्कवरची प्रतही जाते, त्यामुळे बॅकअप आधी घ्या. आमची मूळ की नेटला कधीच न जोडलेल्या लॅपटॉपवर तयार केली. ती बँकेच्या लॉकरमध्ये आहे. यूबिकीत फक्त सही करणारी सबकी, म्हणजे मूळ कीची दुय्यम की. यूबिकीचा पिन सुरुवातीला १२३४५६ आणि अ‍ॅडमिन पिन १२३४५६७८ असतो, दोन्ही पहिल्याच दिवशी बदला.

सगळ्यात आवडला तो टच. तो आपण चालू करावा लागतो. आता रेप्रेप्रो (रिपॉझिटरी सांभाळणारं सॉफ्टवेअर) एक्स्पोर्ट करायला लागलं की सोनेरी चकतीवरचा दिवा लुकलुकतो आणि बोट टेकेपर्यंत काम थांबतं. रिपॉझिटरीच्या इनरिलीज आणि रिलीज डॉट जीपीजी या फायलींसाठी दोन सह्या, म्हणून दोनदा बोट. ‘कॅश्ड’ ठेवलं तर एकदा टेकवलेलं १५ सेकंद पुरतं, पण ते मी मुद्दाम ठेवलं नाही. दिवा लुकलुकत असताना मी चेंजलॉग पुन्हा एकदा वाचते. एकदा त्यातच चुकीची आवृत्ती सापडली आणि मी बोट मागे घेतलं.

रात्रीचे आपोआप होणारे बिल्ड आता सही न होताच पडून राहतात, सकाळी कुणीतरी बसावं लागतं. मला हे मान्य आहे.

खटकतं ते फर्मवेअर, म्हणजे यूबिकीच्या आतलं सॉफ्टवेअर. ते अपडेट होत नाही. सप्टेंबर २०२४मध्ये यूक्लीक ही त्रुटी जाहीर झाली, ती ५.७च्या आधीच्या फर्मवेअरमध्ये कायमची राहणार. हल्ल्याला यूबिकी हातात असावी लागते, महागडी उपकरणं लागतात, आणि ही त्रुटी ईसीडीएसए या दुसऱ्या प्रकारच्या सहीची आहे; आमची साइनिंग की आरएसए ४०९६ प्रकारची असल्याने तिला झळ नाही. तरी दुकानदाराकडे जुना साठा असू शकतो, आवृत्ती विचारूनच घ्या.

आणि दुसरी यूबिकी लावल्यावर आमच्याकडचं जीपीजी पहिलीचाच सिरियल नंबर मागत बसलं. ‘लर्न’ कमांड ‘फोर्स’ लावून चालवली, मग तिला ओळखलं. हे रिलीजच्या दिवशी कळण्यापेक्षा आधीच करून बघा.