मिशनकार्याच्या चित्रांसाठी लिनोकट संच: मुलांना द्यावा का?

पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकमधून केलेलं मराठी बायबल केडगावच्या मुक्ती मिशन या त्यांच्या निराधार स्त्रियांसाठीच्या आश्रमातल्या बायकांनीच छापलं. तो छापखाना चित्रात उतरवू पाहणाऱ्या मुलांना हा लिनोकटचा (लिनो या मऊ पत्र्यावर चित्र कोरून शाईने छाप घेण्याचा) संच जरूर द्या. ३ मिमी लिनो ५ मिनिटं उन्हात ठेवला की लोण्यासारखा कापला जातो. अक्षरं उलटी कोरायची; शिरोरेषा फार बारीक ठेवली तर तुटू शकते. रोलर उत्तम! शाई पाण्याची, त्यामुळे उन्हाळ्यात रोलरने पसरायच्या काचेवरच सुकते. थोडी थोडी घ्या. जास्त झाली की ‘मुक्ती’तली वेलांटी भरून जाते. कोरायचं व्ही आकाराचं पातं बोथट येतं, बारीक पॉलिश पेपरवर घासा. सोबतचा कागद फार पातळ आहे. १५० जीएसएमचा (कागदाच्या जाडीचं माप) आणा, शाई लावलेल्या लिनोवर ठेवा आणि चमच्याच्या पाठीने गोल गोल दाबा.