सेन्सिटिव्ह टूथपेस्ट: घेण्याआधी मागची बाजू वाचा

थंड पाण्याचा घोट घेतला की दातात कळ जाते आणि घोट गिळला की थांबते. ही पेस्ट एवढ्याच दुखण्यासाठी आहे. हिरडी सरकली किंवा एनॅमल (दाताचं कठीण बाहेरचं आवरण) झिजलं की डेंटिन, म्हणजे दाताचा आतला थर, उघडं पडतं. त्यात अतिशय बारीक नलिका असतात. गार लागताच त्यांतला द्रव हलतो आणि नसेला ते जाणवतं.

अनेक ट्यूबमध्ये ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असतं. ते नलिका बुजवत नाही, नसेला बधिर करतं, आणि तेही हळूहळू. २ ते ४ आठवडे रोज दोनदा लावल्याशिवाय गुण येत नाही. चार दिवसांत ‘उपयोग नाही’ म्हणून ट्यूब बदलली, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

०.४५४ टक्के स्टॅनस फ्लोराइडची पेस्ट नलिकांची तोंडं बंद करते आणि हिरड्यांच्या सुजेवरही चालते. ब्रश करताना रक्त येत असेल तर आमची पसंती हिलाच. चव जरा धातूसारखी लागते, काहींच्या दातांवर तपकिरी डाग चढतात. ते वरवरचे असतात, क्लीनिंगमध्ये निघतात. ८ टक्के आर्जिनिनची पेस्ट बोटाने दुखऱ्या जागी मिनिटभर चोळली तर लगेच आराम पडू शकतो. कोणतीही घ्या, फ्लोराइड किमान १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) आहे ना ते बघा. काही ‘सेन्सिटिव्ह’ ट्यूबमध्ये ते नसतंच!

चांगली पेस्टही वाया जाते ती चूळ भरल्यामुळे. दोन मिनिटं मऊ ब्रशने घासा, फेस थुंका, वर पाणी घेऊ नका. आंबट खाल्ल्यावर अर्धा तास ब्रश नको, तेव्हा एनॅमल मऊ झालेलं असतं. कोळशाची पेस्ट सोबत वापरत असाल तर ती आधी बंद करा; एकीकडे झीज, दुसरीकडे मलमपट्टी.

गार पदार्थ बाजूला केल्यावरही कळ रेंगाळते, गरम लागलं की ठणका सुटतो, चावताना एकच दात दुखतो, रात्री झोपमोड होते: ही कीड, तडा किंवा नसेची सूज असू शकते. तिथे पेस्ट फार तर दुखणं झाकेल, आत बिघाड वाढतच राहील. हिरडीलगत दाताला खाच पडली असेल आणि चार आठवड्यांनीही फरक नसेल, तर दुसरी ट्यूब घेऊ नका. ती खाच दंतवैद्याकडून भरून घ्यावी लागते.