प्रोक्वॉल-५: कॅन्सर वॉर्डातल्या सिस्टरांच्या हाती द्यावी का?

द्यावी, पण भरलेले कागद कोणाच्या हाती जाणार हे आधी ठरवून. दुसऱ्यांची सेवा करणाऱ्यांवर त्या कामाचा काय परिणाम होतो, हे मोजणारी बेथ हडनॉल स्टॅम यांची ही प्रश्नावली फुकट वापरता येते. अटी साध्या आहेत: श्रेय द्यायचं, विकायची नाही आणि मजकुरात बदल करायचा नाही. ‘मदत करणारी व्यक्ती’ या शब्दांच्या जागी ‘नर्स’ एवढं लिहिलेलं चालतं. एकूण ३० विधानं आहेत. गेल्या ३० दिवसांत ते किती वेळा जाणवलं, त्यावरून प्रत्येकाला १ ते ५ गुण द्यायचे. दहा मिनिटांत काम होतं.

हिचं मोल आहे ते तीन वेगवेगळ्या आकड्यांत. दहा विधानं सेवेतून मिळणाऱ्या समाधानाची, दहा बर्नआउटची (कामाने येणाऱ्या थकव्याची) आणि दहा दुसऱ्याच्या यातना पाहून स्वतःच्या मनावर बसणाऱ्या आघाताची. तिन्हींची मिळून एकच बेरीज करू नये, कारण दुखणं वेगळं तसा उपायही वेगळा. केमो डे-केअरमध्ये एक ड्रिप संपते न संपते तोच दुसऱ्या पंपाचा अलार्म वाजतो, जेवायला उसंत मिळत नाही. अशा सिस्टरचा बर्नआउट चढलेला असेल तर तिला माणसं आणि सुट्ट्या हव्यात, ध्यानाचं सत्र नव्हे. घरी गेल्यावरही एखाद्या पेशंटचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही, झोप उडते. तिथे समुपदेशक हवा. काही जणींचं समाधान आणि आघात दोन्ही चढे निघतात. ‘कामावर प्रेम आहे म्हणजे ती ठीक आहे’ असं इन्चार्ज समजून चालतात ते इथेच.

बेरजेत नेहमी गफलत होते ती एकाच ठिकाणी. १, ४, १५, १७ आणि २९ ही बर्नआउटमधली विधानं सकारात्मक आहेत (पहिलंच ‘मी आनंदी आहे’), म्हणून त्यांचे गुण उलटे करायचे: ५ चा १, ४ चा २. समजा, या पाचही विधानांना ५ दिले आणि उरलेल्या पाचांची बेरीज १५ आली. बरोबर उत्तर २०. उलटायला विसरलं की तेच ४० होतं आणि धडधाकट सिस्टर ‘जास्त’च्या उंबरठ्यावर दिसते. तिन्हींपैकी प्रत्येक बेरीज २२ पर्यंत असेल तर कमी, २३ ते ४१ मध्यम, ४२ पासून पुढे जास्त. हा मधला पट्टा आम्हाला फारच रुंद वाटतो. २४ आणि ४० यांना एकच शिक्का बसतो. म्हणून शिक्क्यापेक्षा त्याच व्यक्तीचा तीन महिन्यांपूर्वीचा आकडा पाहावा.

कॅन्सर नर्सिंगपुरत्या दोन उणिवा ठळक आहेत. दर २१ दिवसांनी केमोला येणारा पेशंट वर्षभरात घरचा होऊन जातो. तो गेल्याचं दुःख, त्याआधी गेलेल्यांच्या दुःखावर साचलेलं, ३० दिवसांच्या खिडकीत पुरतं दिसत नाही. दुसरी उणीव: नातेवाइकांनी निदान लपवायला सांगितलंय आणि पेशंट थेट विचारतोय, ‘सिस्टर, मी बरा होणार ना?’ या कोंडीबद्दल एकही थेट विधान नाही. त्यासाठी सोबत महिन्याला तासभराची, नोंद न होणारी बैठक हवी. श्वार्ट्झ राउंड्सचा साचा त्यासाठी उत्तम: दोन-चार जणांनी थोडक्यात आपला अनुभव सांगायचा, मग सगळ्यांनी बोलायचं, तोडगे काढत बसायचं नाही.

रात्रपाळी संपताना किंवा वॉर्डात नुकताच मृत्यू झालेला असताना ही भरून घेऊ नये. चार-पाच जणींच्या युनिटमध्ये वय आणि अनुभवाची वर्षं विचारली की नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो, आणि मग सगळ्या जणी मुकाट्याने ३ वर गोल करतात. गुण ज्याचे त्यानेच मोजावेत, कागद स्वतःकडे ठेवावा. मेट्रनकडे फक्त सगळ्या विभागाची सरासरी जावी. ही निदानाची चाचणी नाही. त्यामुळे बदली, बढती किंवा वार्षिक मूल्यमापनाला ती अजिबात जोडू नये. आणि समुपदेशकाची वेळ व फोन नंबर प्रश्नावलीच्या मागच्या बाजूला छापूनच ती वाटावी.