कापूस कुठे घालायचा: खेडा खरेदीत की फेअरट्रेड गटात?

फेअरट्रेड गटाचं, म्हणजे फेअरट्रेड या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राच्या अटींवर कापूस विकणाऱ्या शेतकरी गटाचं, बोलावणं आलं की विदर्भातला कोरडवाहू शेतकरी आधी विचारतो, भाव किती जास्त? माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच हवा: गेल्या हंगामात गटाने सभासदांचा किती कापूस फेअरट्रेडच्या अटींवर विकला? प्रमाणपत्र गटाला मिळतं, पण फायदा मिळतो तो फक्त त्या अटींवर गेलेल्या कापसाला. बाकीचा कापूस चारचौघांसारखा बाजारातच जातो.

खेडा खरेदीची, म्हणजे व्यापाऱ्याने गावात येऊन केलेल्या खरेदीची, ताकद रोख पैशात आहे. पहिल्या वेचणीचा कापूस घरात पडलेला, कृषी केंद्राची उधारी मानेवर आणि वेचाई तर रोजच्या रोज द्यायची. अशा वेळी व्यापारी दारातच काटा लावतो. मूठभर कापूस दाबून बघतो, सरकी दाताखाली फोडतो, "ओला आहे" म्हणतो आणि भाव पाडतो. हा ओलावा यंत्राने मोजलेला नसतो आणि गरज असणारा माणूस वाद घालत बसत नाही. सीसीआयकडे, म्हणजे सरकारी भारतीय कापूस महामंडळाकडे, २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. पण आधी नोंदणी हवी, आणि ओलावा १२ टक्क्यांवर गेला की गाडी परत. चुकारा बँकेत येतो, तोवर थांबावं लागतं.

फेअरट्रेडमध्ये किमान भाव ठरलेला असतो, आणि बाजार त्याच्या वर गेला तर खरेदीदाराला बाजारभाव द्यावाच लागतो. म्हणजे मंदीत आधार मिळतो आणि तेजीतही नुकसान नाही. शिवाय किलोमागे ५ युरोसेंट प्रीमियम, म्हणजे क्विंटलला ढोबळ पाचशे रुपये. ही रक्कम गटाच्या खात्यावर जमा होते. तिचं गोदाम बांधायचं, विहिरीला लावायची की बियाणं घ्यायचं, हे सभासद सर्वसाधारण सभेत ठरवतात. मला या पद्धतीतली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. आपल्या कापसावर मिळालेला पैसा कुठे जावा हे सांगायचा हक्क नेहमीच्या व्यापारात शेतकऱ्याला कुणी देत नाही.

खरी अडचण मात्र बियाण्याची आहे. फेअरट्रेडला जनुकीय बदल केलेलं बियाणं चालत नाही, आणि २००२ मध्ये बीटी या तशाच जनुकीय बदलाच्या कापसाला परवानगी मिळाल्यापासून दुकानात दुसरं काही सहजी मिळत नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे एकेए-७, एकेए-८ असे देशी वाण आहेत, पण ते वेळेवर आणि पुरेसे हाती यायला हवेत. शेजारी बीटी असेल तर वेचणीपासून जिनिंगपर्यंत कापूस वेगळा ठेवावा लागतो. सरमिसळ झाली तर सगळ्या मेहनतीवर पाणी.

व्यापाऱ्याकडून उचल घेतली असेल आणि नोव्हेंबरात रोख पैसा लागणारच असेल, तर गट आधी आगाऊ रकमेची सोय करतो का ते पाहा. खरेदीदाराकडून अशी रक्कम मागण्याची तरतूद फेअरट्रेडच्या नियमांत आहे, पण ती गटाला मागावी लागते. उधारी नसेल, गटाकडे पक्का खरेदीदार असेल आणि विक्रीची वही ते तुमच्यासमोर उघडत असतील, तर मी म्हणेन, जरूर जा. प्रमाणपत्राची फी कोण भरतं हेही विचारून घ्या. आणि मे महिन्यात बियाणं हातात देऊ असं गट ठामपणे सांगत नसेल, तर हे वर्ष सीसीआयवर काढा.